शून्य होतं, मला दिसलं नाही



या वेळी पत्रिकेत लिहायची पाळी माझी. 'सुट्टीत मुलांना काय शिकवावं' असा विषय घेऊन दोन पानं लिहूनही झाली होती. ती बाजूला ठेवली. मधल्या काळात माझ्याच हातून असं काही झालं की मुलांना काय शिकवावं हे सांगायला बसण्याआधी ते सांगून टाकणं भाग आहे. तुमच्यापैकी काही जणांनी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरचा माझा मेसेज वाचला असेल, 'आज पेट्रोल पंपावर एका मुलाला चांगला धडा शिकवला' असा. त्यावर चौदा अंगठे आले होते. हा लेख मुख्यतः त्या चौदा जणांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही वाचावा.

फेब्रुवारीत माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हात गॉगल लावत जा. सूनबाईनं चांगला भारीतला मागवून दिला. म्हणाली, "आई, हा पोलराइज्ड आहे, रस्त्यावरची चमक डोळ्यांवर येत नाही." पोलराइज्ड म्हणजे काय हे मी विचारलं नाही. लावला आणि खरोखर सुख वाटलं. इंदूरचं मे महिन्यातलं अकरा वाजताचं ऊन, तापलेला डांबरी रस्ता, पुढच्या गाड्यांच्या चमकणाऱ्या काचा, सगळं कसं शांत झालं. नवी लेन्स आणि नवा गॉगल. मला वाटायचं, आता माझ्याइतकं स्वच्छ घरात कुणालाच दिसत नाही. हे वाटणं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका मंगळवारी भाजी घेऊन येताना अ‍ॅक्टिव्हा पंपावर घेतली. कोणता पंप ते सांगत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता, नवीन दिसत होता. नेहमीसारखं म्हणाला, "आंटीजी, जीरो देख लीजिए." मी पाहिलं. मीटरचा पडदा काळा, पाटीसारखा. म्हटलं, "कहाँ है जीरो? बंद है तुम्हारा मीटर." तो म्हणाला, "चालू है आंटी, दिख तो रहा है." मागच्या मोटरसायकलवाल्यानंही सांगितलं, "आंटी, आ रहा है जीरो." मला वाटलं, याला घाई आहे, म्हणून याची री ओढतोय. मुलगा मग म्हणाला, "आप चश्मा उतार के देखिए ना."

हे वाक्य मला लागलं. मला सांगतोस? माझा आवाज चढला. पंपावर कशी फसवणूक होते, मीटर कसा दडवतात, याचे किती तरी मेसेज मी वाचले होते आणि खरं सांगायचं तर पुढेही पाठवले होते. ते सगळे त्या क्षणी तोंडात आले. लोक बघायला लागले. मॅनेजर बाहेर आले, गर्दीची वेळ, वाद कशाला म्हणून मुलाला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः तीनशेचं पेट्रोल भरलं. "नया लड़का है मैडम, सॉरी." मी विजयी मुद्रेनं घरी आले आणि तो मेसेज टाकला.

गुरुवारी संध्याकाळी गॅलरीत बसले होते. पश्चिमेचं ऊन यायचं म्हणून गॉगल डोळ्यांवर. प्रवचनाचा व्हिडिओ लावला, मोठा दिसावा म्हणून फोन आडवा केला, आणि फोन काळा. आवाज येतोय, चित्र नाही. मी यांना हाक मारली, "अहो, फोन बिघडला." हे आले, पाहिलं, म्हणाले, "चालू आहे की! दिसतंय ना." शब्दशः तेच. "दिख तो रहा है." मी गॉगल काढला. व्हिडिओ छान चालू होता.

पोटात खड्डा पडला म्हणतात ना, तसं झालं.

माझा भाचा कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्याला फोन केला, तेव्हा तो हसायलाच लागला. त्यानं समजावलं ते असं. एक दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून पलीकडे बांधा. दोरी वर-खाली हलवली तर लाट गजांमधून पार जाते. उजवी-डावीकडे हलवली तर गजांवर आपटून थांबते. प्रकाशाची लाट साधारणपणे सगळ्याच दिशांनी थरथरत असते. पण तो रस्त्यावर, पाण्यावर, गाडीच्या बॉनेटवर तिरका पडून उसळतो तेव्हा त्यातली आडवी थरथर जास्त उरते. डोळ्यांत खुपणारी चमक ती हीच. पोलराइज्ड गॉगलच्या काचेत जणू न दिसणारे उभे गज असतात. ते आडवी थरथर अडवतात, उभी जाऊ देतात. साधा काळा चष्मा सगळाच प्रकाश सारखा कमी करतो, हा मात्र निवड करतो. पुस्तकात याला ध्रुवण म्हणतात.

आता पडदा. पुष्कळसे मीटर, टीव्ही आणि फोन यांच्या पडद्यात मागे दिवा असतो, आणि पुढे असेच गजांचे दोन पापुद्रे, त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा थर. वीज दिली की तो थर प्रकाशाची दिशा वळवतो किंवा वळवत नाही, आणि त्यातून आकडे उमटतात. म्हणजे पडद्यातून बाहेर पडणारा प्रकाश आधीच एका दिशेला विंचरलेला असतो. ती दिशा आणि गॉगलची दिशा जुळली तर सगळं दिसतं. काटकोनात आली तर काळोख. मधल्या कोनांवर थोडं थोडं दिसतं. पंचेचाळीस अंशांवर निम्मा प्रकाश, साठ अंशांवर पाव, नव्वदवर जवळजवळ काही नाही. माझा फोन उभा धरला की दिसायचा, आडवा केला की विझायचा. मी पंपावर मान थोडी तिरकी केली असती तरी शून्य उजळलं असतं!

घरी करून बघा. पोलराइज्ड गॉगल घालून फोन हळूहळू गोल फिरवा. काही नव्या फोनवर निर्माते वेगळा थर लावतात, ते पूर्ण काळे होत नाहीत, रंग बदलतात किंवा फिके पडतात. आमच्या नातवाला हा खेळ इतका आवडला की घरातला प्रत्येक पडदा त्यानं फिरवून पाहिला. टीव्ही फिरवता येईना म्हणून स्वतःच आडवा झाला.

भाच्यानं एक गोष्ट सांगितली. 1808 साली पॅरिसमध्ये मालू नावाचे एक अभियंते आपल्या खिडकीतून एक स्फटिक डोळ्यांपुढे धरून बघत होते. हा स्फटिक एका वस्तूच्या दोन प्रतिमा दाखवतो. समोर लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर मावळता सूर्य चमकत होता. स्फटिक फिरवला तशी त्या चमकेची एक प्रतिमा मंद होत गेली आणि दुसरी उजळली. काचेवरून परतलेल्या प्रकाशात काही वेगळं आहे हे त्यांना तिथे कळलं. माझ्या मनात आलं ते एवढंच की त्यांनी स्फटिक फिरवून पाहिला. मी मान सुद्धा फिरवली नाही.

आणि ज्यांनी अशी काच स्वस्तात, पत्र्यासारखी करण्याची युक्ती काढली ते अमेरिकेतले एडविन लँड. 1929 साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला. त्यांच्या मनात काय होतं? रात्री समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी ड्रायव्हर दिपून जातात, ते थांबवावं. सगळ्या गाड्यांचे दिवे बदलल्याशिवाय ते साधणारं नव्हतं, म्हणून ते काही झालं नाही. पण गॉगल मात्र जगभर गेले. म्हणजे या काचेचा हेतू चांगलाच, डोळे दिपू नयेत हाच. कोळी लोक हाच गॉगल घालतात, कारण पाण्यावरची चमक गेली की खालचा मासा दिसतो. आणि वैमानिकांना हाच गॉगल वापरू नये असं अमेरिकेचं विमान वाहतूक खातं सांगतं, कारण समोरच्या यंत्रांचे आकडे विझू शकतात. एकच काच, एकाला लपलेलं दाखवते, दुसऱ्याचं समोरचं लपवते.

गॉगल टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. मी अजून वापरते. प्रश्न काचेचा नाहीच.

रविवारी उपासनेनंतर आम्ही चार-पाच जणी बसलो होतो, तिथे मी हे सांगितलं. एक काकू म्हणाल्या, "अगं, तुझा हेतू शुद्ध होता. तुला खरंच दिसलं नाही. मग दोष कसला?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून आठवडाभर जाईना. ज्याला प्रामाणिकपणे दिसलं नाही, त्यानं प्रामाणिकपणे 'नाही' म्हटलं, तर त्याचं काय चुकलं? मी खोटं बोलले नव्हते. शपथ घालून सांगितलं असतं, पडदा काळा आहे. आणि माझ्यासाठी तो काळा होताच.

आपल्याकडे दोरी आणि साप यांचा दृष्टांत सगळ्यांनी ऐकलेला आहे. अंधारात दोरी साप वाटते. वेदान्तसारासारख्या ग्रंथात अज्ञानाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत, आवरण आणि विक्षेप. आवरण म्हणजे असलेलं झाकणं, दोरी न दिसणं. विक्षेप म्हणजे नसलेलं उभं करणं, साप दिसणं. वर्षानुवर्षं मी हे ऐकत आले, वहीत उतरवूनही घेतलं, आणि मला ते एकच वाटायचं. दोरी दिसली नाही म्हणजे साप दिसलाच, त्यात वेगळं काय? पंपावरचा प्रसंग तुकडे करून पाहिला तेव्हा फरक कळला. गॉगलनं काय केलं? शून्य झाकलं. बस. त्याचं काम तिथे संपलं. 'हा मुलगा चोर आहे' हे त्या काचेत कुठेही नव्हतं. काळा पडदा दिसला की माणूस 'काही दिसत नाही' असं म्हणून थांबू शकतो. मी थांबले नाही. रिकामी पाटी दिसली आणि तिच्यावर मी स्वतःच्या हातानं 'चोर' लिहिलं. खडू माझ्याकडे तयार होता, त्या फॉरवर्ड केलेल्या मेसेजांचा.

त्याच ग्रंथात आवरणासाठी ढगाचं उदाहरण येतं. लहानसा ढग एवढ्या प्रचंड सूर्याला झाकतो असं आपण म्हणतो, पण तो झाकतो बघणाऱ्याची दृष्टी. सूर्याला त्याचा पत्ताही नसतो. पंपाच्या मीटरला पत्ता नव्हता की माझ्या लेखी तो विझलाय. पण इथे उदाहरण थोडं लंगडं पडतं, कारण सूर्याला आपण चोर म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही. त्या मुलाचं बिघडलं.

दुसरी एक सवय आपल्या मंडळींत फार आहे, ती माझ्यातही आहे. कुठे मतभेद झाला की आपण म्हणतो, 'ज्याची त्याची दृष्टी', 'दोघंही आपापल्या जागी बरोबर'. इंदूरला काच मंदिर आहे, भिंती-छत सगळं काचेचं, पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतोच. तिथे एकाच दिव्याची शेकडो प्रतिबिंबं दिसतात. जैन विचारात अनेकान्तवाद आहे, वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका जागेवरून सगळ्या दिसत नाहीत. फार मोठा विचार आहे तो. पण आम्ही त्याचं घरगुती औषध करून टाकलंय, भांडण मिटवायला. माझी एक मैत्रीण मला तेच द्यायला लागली: "तुझ्या जागी तू बरोबर, त्याच्या जागी तो."

नाही. मीटरवर शून्य होतं. तो बरोबर होता, मागचा मोटरसायकलवाला बरोबर होता, मी चूक होते. माझं 'मला काळं दिसलं' हे खरं, पण ते माझ्या गॉगलबद्दल खरं, मीटरबद्दल नव्हे. आणि अनेकान्तवाद जर मला काही सांगत असेल तर तो 'तुझंही खरं' असं म्हणून गोंजारत नाही. तो म्हणतो, तुझ्या जागेवरून सगळं दिसत नाही, तेव्हा दुसऱ्याला विचार. मला तर न विचारता दोघांनी सांगितलं होतं.

माझा दोष नेमका कुठे सुरू झाला, हे मी शोधत बसले. पडदा काळा दिसला, तिथे दोष नाही. 'जीरो कहाँ है' विचारलं, तिथेही नाही. विचारणं माझा हक्क आहे, पैसे माझे आहेत. कुठेकुठे फसवणूक होतही असेल, मी डोळे मिटून विश्वास ठेवा म्हणत नाही. दोष सुरू झाला "चश्मा उतार के देखिए" या वाक्यानंतर. तोवर मी न पाहू शकणारी होते. त्यानंतर मी न पाहणारी झाले. पडताळून बघायला दोन सेकंद लागली असती. गॉगल काढूनही पडदा काळा असता तर माझी तक्रार दुप्पट भक्कम झाली असती. म्हणजे त्यात माझं जाणार काहीच नव्हतं.

मग का नाही काढला? हे लिहिताना हात अडखळतो. ऑपरेशनच्या काळात दवाखान्यात मला दहा वेळा सांगितलं गेलं, चष्मा काढा, हनुवटी इथे ठेवा, तिकडे बघा. डॉक्टरांनी सांगितलं, तिथल्या टेक्निशियन मुलीनं सांगितलं. प्रत्येक वेळी मी निमूटपणे काढला. मनात सुद्धा आलं नाही की हे मला का सांगतात. पंपावरच्या मुलानं तेच शब्द म्हटले आणि तो मला उद्धटपणा वाटला. शब्द तेच होते. बदललं होतं ते सांगणाऱ्याच्या अंगावरचं कापड. पांढरा कोट असता तर मी ऐकलं असतं. पंपाचा मळका शर्ट होता, म्हणून नाही ऐकलं. हे गज काही सूनबाईनं मागवलेल्या काचेत नव्हते. माझ्याकडे ते लहानपणापासून आहेत. आमच्या घरी दारावर आलेल्या माणसाशी कुणी वाईट बोलायचं नाही, चहा सुद्धा मिळायचा. पण तो कधी आम्हाला काही समजावून सांगेल आणि आम्ही ऐकू, असं मी पाहिल्याचं आठवत नाही.

आणि ग्रुपवर लिहिलं ते आणखी वाईट. पंपावर निदान रागाचं निमित्त होतं. घरी आल्यावर पंख्याखाली बसून, पाणी पिऊन, शांतपणे मी ते टाइप केलं होतं. शुद्धलेखनही तपासलं होतं.

काकूंचं म्हणणं मी अजून पूर्ण नाकारत नाही. हेतूला किंमत आहेच. मुद्दाम खोटा आळ घेणारा आणि न दिसल्यामुळे आळ घेणारा, दोघं एकाच मापाचे नाहीत. माझ्या मनाच्या हिशेबात तो फरक राहील. पण त्या मुलाच्या हिशेबात काय फरक पडला, हे मला पुढे कळलं.

घरातही असे काही मीटर आहेत जे मी बारा-पंधरा वर्षं काळे म्हणत आले आहे. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, कारण संबंधित माणसं याच ग्रुपमध्ये आहेत. त्यांना मी वेगळा फोन करीन. एकीला केलाही.

आता पंपाकडे. गुरुवारी मला सगळं कळलं होतं, पण मी गेले सोमवारी. चार दिवस लागले. शुक्रवारी उपवास होता, शनिवारी पाहुणे, रविवारी उपासना, असं मी सांगू शकते. खरं कारण असं की जायचं नव्हतं. हे म्हणाले, "जाऊ दे, तो विसरला असेल." मला ते ऐकून फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच शंका आली.

सोमवारी गेले तर मुलगा मीटरपाशी नव्हता. पंपाला वर छप्पर असतं, सावली असते. हवा भरायचं मशीन बाहेर रस्त्याच्या कडेला असतं, तिथे काही नसतं. तो तिथे होता. डोक्याला ओला पंचा. मला ओळखलं त्यानं. चेहऱ्यावर राग नव्हता, धास्ती होती. ती बघवेना. मी म्हटलं, "बेटा, गलती मेरी थी. जीरो था. मेरे चश्मे में नहीं दिखा." त्याला काही कळेना. मी त्याला हाताला धरून मीटरपाशी आणलं आणि गॉगल त्याच्या डोळ्यांवर ठेवला. त्यानं पाहिलं, गॉगल काढला, परत लावला, मान उजवीकडे केली, डावीकडे केली, आणि खळखळून हसला. "अरे! जीरो गायब!" मग त्यानं सांगितलं, त्याआधीही दोघा-तिघा काळ्या चष्म्यावाल्यांनी मीटर बंद आहे म्हणून कटकट केली होती. चष्मा काढला की दिसतं हे त्याच्या लक्षात आलं होतं. का, ते माहीत नव्हतं. म्हणून तर तो मला सांगत होता.

म्हणजे मला फिजिक्सच्या प्राध्यापकाकडून चार दिवसांपूर्वी जे कळलं, ते त्या मुलाला स्वतःच्या निरीक्षणानं आधीपासून माहीत होतं.

मॅनेजरना भेटले. त्यांनाही गॉगल दिला. त्यांनी पाहिलं, "अच्छा, ऐसा होता है क्या" म्हणाले, आणि मोबाईलवर कुणाचा तरी फोन आला तो घेतला. मी थांबून राहिले. फोन झाल्यावर म्हटलं, याच्यावरची तक्रार मी मागे घेते, लिहून देऊ का? ते म्हणाले, "लिखने की जरूरत नहीं मैडम, देखते हैं." मीटरपाशी दुसरा मुलगा लावलाय, महिना संपल्यावर बघू, असं काहीसं.

ग्रुपवर मी त्याच दिवशी रात्री दुसरा मेसेज टाकला, की पहिला चुकीचा होता, मुलाचा दोष नव्हता, आणि पंपांबद्दलचे जे मेसेज मी पुढे पाठवले होते ते सुद्धा पडताळून पाठवले नव्हते. त्याला तीन अंगठे आले. एक सूनबाईचा.

काल पुन्हा गेले होते. गॉगल पंपाच्या बाहेरच काढून पर्समध्ये ठेवला. मुलगा अजून हवेपाशीच आहे. मॅनेजर नव्हते, गुरुवारी भेटतील म्हणाले, गुरुवारी जाईन, यांनाही बरोबर नेणार आहे. घरून निघताना थंड ताकाची बाटली घेतली होती ती त्याला दिली. मग गाडीच्या दोन्ही चाकांत त्याच्याकडून हवा भरून घेतली. हवा पुरेशी होती, तो म्हणाला सुद्धा, "आंटी, हवा तो बराबर है." मी म्हटलं, तू म्हणतोस तर बरोबरच असेल, तरी बघ एकदा.

आपली,
एक सेवेकरी भगिनी, इंदूर